कोऱ्या नळीतला उजेड

आमची गाय गाभडली त्या शनिवारी मी आणि नवरा गावी पोचलो, तेव्हा सासूबाई गोठ्याबाहेरच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होत्या. आम्ही दोघी जावा त्यांना आत्या म्हणतो. मला बघून त्या म्हणाल्या, "वासरू पडलं गं पोरी. सातवा सरला व्हता. वार अडकली व्हती, ती आत्ताच हातानं काढली."

गोठ्यात धाकटी जाऊ खराटा मारत होती. तिला पाचवा महिना लागला होता. गाऊन गुडघ्यापर्यंत खोचलेला, पाय अनवाणी, आणि तांबूस पाणी तिच्या घोट्यांवरून वाहत नालीकडे चाललेलं.

"तू आधी बाहेर ये," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की तिच्या हातून खराटा पडला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. साबणानं पाय धू. आत जाऊ नकोस परत."

आत्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आमी काय आज गुरं करतो व्हय? गाय गाभडली म्हंजी काय आभाळ पडलं?"

मी काय बोलणार होते? माझं माहेर आकुर्डीचं. वडील लातूरकडून आले आणि कारखान्यात लागले, त्यामुळे गाय मी लग्नानंतरच जवळून पाहिली. सासर चाकणच्या पुढचं, कंपन्यांच्या कुंपणाला लागून. अर्धी जमीन कंपन्यांकडे गेली, उरलेल्या अर्धीत घास आणि ज्वारी, गोठ्यात तीन गाई. दोन्ही भाऊ कंपनीत शिफ्टला जातात. नवरा आणि मी चिखलीत राहतो, दीर-जाऊ गावी. गोठ्यातलं मी आत्यांना शिकवावं असं काही नव्हतं. फक्त एकच गोष्ट मला माहीत होती.

ताथवड्यात आमची छोटी कंपनी आहे. सात-आठ माणसं, एका इमारतीचा अर्धा मजला. जनावरांचा गर्भ पाडणारा ब्रुसेला नावाचा एक जंतू आहे, तो दुधात आहे की नाही हे डेअरीवरच ओळखता यावं असं किट आम्ही बनवतो आहोत. हा जंतू वारेतून, गर्भाच्या पाण्यातून, दुधातून बाहेर पडतो. माणसाला झाला तर ताप येतो, जातो, परत येतो, सांधे धरतात. पोटुशी बाईला झाला तर तिचंही मूल जाऊ शकतं. हे सगळं मी कंपनीच्या बैठकांत पडद्यावर पाहिलं होतं. आता तेच समोर नळाखाली हात धूत होतं.

आणि आत्यांना कितीतरी महिन्यांपासून संध्याकाळचा ताप येत होता. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषध दिलं, मग वात म्हणून दिलं. पहाटे अंथरूण घामानं भिजायचं. कंबर धरून त्या उठायच्या आणि तशाच धारेला बसायच्या.

अजून एक गोष्ट होती, ती घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. जावेचं पहिलं मूल आदल्या वर्षी पडलं होतं, याच सुमाराला. आत्यांनी तिला तेव्हा खूप ऐकवलं. अंगात उष्णता आहे, जागरणं करते, मोबाइल पोटावर ठेवून झोपते. यावेळी दिवस राहिल्यावर मात्र त्यांनी तिला फुलासारखं जपलं. रोज सकाळी धार काढली की पहिला पेला तिला. धारोष्ण, न तापवलेलं. फेस बसायच्या आत प्यायचं, म्हणजे बाळाला ताकद येते. पेला स्वतः हातात द्यायच्या आणि रिकामा झाल्याशिवाय जागच्या हलायच्या नाहीत.

त्या दुपारी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाईला तपासलं, रक्त घेतलं. मी ब्रुसेलाचं विचारलं तर म्हणाले, "असू शकतं मॅडम. पण रिपोर्ट आल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. गाई गाभडायची कारणं पुष्कळ. सरकारी लॅबला पाठवतो, वेळ लागेल. तोवर गाय वेगळी बांधा, दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका."

नवरा आणि दिरानं बांधाच्या कडेला खोल खड्डा घेतला. मेलेलं वासरू आणि वार त्यात घालून वरून चुना टाकला. मी दोघांना हातावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायला लावल्या. मग मीही तशाच पिशव्या चढवून त्या गाईचं थोडं दूध एका बाटलीत काढून घेतलं. आत्या ओट्यावर बसून बघत होत्या.

"हे कशाला?"

"लॅबला नेते, आत्या. बघते काय आहे ते."

"काय असायचं दुधात? माझ्या हातची गाय हाय ती."

मी जावेला बाजूला घेऊन सांगितलं, उद्यापासून कच्चं दूध नाही. ती म्हणाली, "मी नाही म्हणाले तर त्यांना काय वाटेल, ताई? तुम्हीच सांगा ना." मी सांगितलं. आत्या पदर सावरून आत गेल्या आणि स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी सकाळी बाटली घेऊन मी लॅबमध्ये गेले. आमचे सर, म्हणजे ज्यांनी ही कंपनी काढली ते, माझं ऐकून म्हणाले, "चाचणी करा. पण घरच्यांना निकाल म्हणून काही सांगायचं नाही. आपलं किट अजून स्वतःच परीक्षेला बसलंय."

दुधातून डीएनए बाहेर काढायचा, यंत्रात त्याच्या प्रती वाढवायच्या, इथवरचं काम कुठल्याही लॅबमध्ये होतं तसंच. पुढचं आमचं. आमच्याकडे चुंबकाला चिकटणारे मणी असतात. मणी म्हणायचं, पण इतके बारीक की नळीत नुसतं गंजाचं पाणी दिसतं. प्रत्येक मण्यावर डीएनएचे छोटे एकेरी धागे बसवलेले असतात, आणि त्यांची जोडी फक्त ब्रुसेलाच्या डीएनएशी जुळते. जुळली की तो डीएनए मण्याला धरून राहतो. नळीच्या बाजूला चुंबक लावला की मणी सरसर कडेला येऊन तपकिरी रेघ होऊन बसतात. बाकीचं पाणी ओतून द्यायचं, धुवायचं, परत धुवायचं. मग आमचं पॉलिमर घालायचं. प्लॅस्टिकच्याच जातीचं, पण साखळीभर एकाआड एक दुहेरी बंध असलेलं, म्हणून प्रकाशाची ऊर्जा त्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावू शकते. इंग्रजीतलं कॉन्ज्युगेटेड पॉलिमर हेच नाव आम्ही वापरतो. डीएनएच्या एकेरी धाग्याला ते गच्च आवळून बसतं आणि लाल, मुकं राहतं. धाग्याची जोडी जुळलेली असेल तर सैल होतं, पिवळं पडतं आणि यूव्ही दिव्याखाली उजळतं.

त्या दिवशी मी तीन नळ्या लावल्या. एक आमच्या गाईची. एक दुकानातल्या पिशवीच्या दुधाची. आणि एक कोरी, जिच्यात नुसतं पाणी. कोरी नळी अंधारी राहिली तरच बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा.

दिवा लावला. गाईची नळी उजळली. पिवळी, स्वच्छ. पुढच्याच क्षणी मी उरलेल्या दोघींकडे पाहिलं. पिशवीच्या दुधाची नळीही उजळत होती. आणि कोरीही. जराशी मंद, पण उजळत होती.

मी दिवा बंद करून परत लावला. तेच. नुसत्या पाण्याला माझी चाचणी आजारी म्हणत होती. म्हणजे गाईच्या नळीतल्या उजेडाला काडीची किंमत नव्हती. गाय निरोगीही असेल, नसेलही.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता. शिफ्ट सोडून दवाखान्यात पोचला होता, आवाज धापा टाकल्यासारखा.

"धाकटीच्या पोटात दुखतंय. थोडं रक्तपण गेलंय. चाकणला दवाखान्यात आणलंय. डॉक्टर विचारतायत काही झालं होतं का. तुझं काय निघालं?"

माझ्या समोर तिन्ही नळ्या.

"अहो, माझं अजून काही खरं नाही."

"म्हणजे आहे की नाही?"

"चाचणीच चुकली. कोऱ्या नळीतही तेच दिसतंय. तुम्ही डॉक्टरांना एवढं सांगा, गाय गाभडली, हिनं कच्चं दूध प्यायलंय, गोठा धुतलाय. हे नक्की सांगा. ब्रुसेलाचा संशय आहे म्हणावं."

"एवढं सांगायला तुझी लॅब कशाला पायजे होती?" तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो असा बोलणारा माणूस नाही. घाबरला होता. मीही घाबरले होते. वाटलं, सगळं तसंच टाकून चाकण गाठावं. पण तिथं जाऊन मी काय करणार होते? बाकड्यावर आणखी एक माणूस. माझ्या हातात करण्यासारखं जे होतं ते इथंच होतं.

सर माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी नळ्या पाहिल्या. "मणी कुठले घेतले?"

"नवीन आलेत ते."

दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. कुणाशीही न जुळलेलं, मोकळं राहिलेलं पॉलिमरही पिवळंच असतं, तेही उजळतं. नव्या मण्यांवर धागे कमी बसले असतील तर पॉलिमरला आवळायला धागेच पुरणार नाहीत. उरलेलं मोकळं फिरणार, आणि कोऱ्या नळीतही उजेड दिसणार. जंतूचा त्याच्याशी काही संबंध नाही.

"जुन्या मण्यांची बाटली संपली नाही अजून," सर म्हणाले. "शांतपणे करा. घाईत धुणं अर्धवट राहिलं तर परत हेच दिसेल."

शांतपणे! मणी चुंबकाकडे सरकायला जो वेळ घेतात तो एरवी जाणवतही नाही. त्या दिवशी मी नळीवर डोळे रोवून उभी होते आणि ती तपकिरी रेघ काही केल्या दाट होईना. पिपेटचं टोक रेघेला लागलं तर मणीच ओढले जातील, म्हणून श्वास रोखून पाणी काढत होते. मधेच फोन थरथरला. पाहिला नाही. धुतलं. परत चुंबक. परत धुतलं. मनात एकच गोष्ट होती, की जावेला गोठ्यातून बाहेर बोलावताना माझा आवाज चढला होता आणि तिनं घाबरून खराटा टाकला होता. त्या दचकण्यानं काही झालं नसेल ना? मी शास्त्र शिकलेली बाई, आणि असल्या शंका.

पॉलिमर घातलं. सरांनी खोलीतले दिवे घालवले, मी यूव्ही दिवा लावला.

कोरी नळी अंधारी होती. पिशवीच्या दुधाची अंधारी. गाईची पिवळी उजळत होती.

"अजून एकदा लावू," मी म्हणाले.

"मी लावतो. तुम्ही निघा," सर म्हणाले. "आणि तिथल्या डॉक्टरांना नीट सांगा हे काय आहे आणि काय नाही."

ताथवड्यातून चाकणला दुपारी जायचं म्हणजे कंटेनरांच्या रांगेत अडकायचं. रिक्षात बसल्यावर मिस्ड कॉल पाहिला, दिराचा. उलट लावला तर उचलेना. पुढे नाशिक रस्त्यावर गाड्या हलतच नव्हत्या. रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, रडू नका, काढतो कडेनं." मी रडते आहे हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात आत्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. चेहरा लाल झालेला, अंगात ताप असणार. नवरा आणि दीर औषधं आणायला गेले होते. मी जवळ गेले तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती बरी हाय. बाळाचे ठोके हायत म्हनली डॉक्टरीण. रक्त थांबलंय. आता तू सांग. दुधात काय निघालं?"

सरांनी सांगितलेलं आठवलं. घरच्यांना निकाल म्हणून काही सांगायचं नाही. पण त्यांची पकड इतकी घट्ट होती.

"आत्या, माझी चाचणी अजून सरकारमान्य नाही. चुकूही शकते. सकाळी एकदा चुकलीसुद्धा."

"आन् दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा दुधात जंतू दिसले."

त्यांनी मनगट सोडलं. समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. बाजूच्या बाकावर एक पोरगी बाळाला थोपटत होती, तिच्याकडे पाहिलं, नजर काढून घेतली.

"म्याच देत व्हते ते दूध," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मागल्या टायमाला बी म्याच देत व्हते."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर अंग चटका बसावा इतकं तापलेलं.

डॉक्टर माझ्याच वयाची होती. मी तिला सगळं सांगितलं, सकाळच्या तीन उजळलेल्या नळ्यांसकट. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमच्या किटवर मी औषध लिहिणार नाही. पण ते ऐकून रक्त कशासाठी पाठवायचं ते मला कळलं. नाहीतर एवढ्या दुखण्यावर कुणी ब्रुसेला तपासत नाही." मग दाराबाहेर डोकावून तिनं विचारलं, "आणि त्या सासूबाईंना कधीपासून ताप आहे?"

दोघींचं रक्त तपासणीला गेलं. मधली रात्र आणि पुढचा दिवस कसा गेला ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सरांचा फोन आला, त्यांनी लावलेल्या नळ्यांतही तेच दिसलं होतं, आणि मी नुसतं "हो सर" म्हणून फोन ठेवला. मला आपलं बरोबर यायला नको होतं. कंपनीत इतके महिने ज्या उजेडासाठी आम्ही धडपडत होतो, तो खोटा ठरावा असं मला वाटत होतं.

तो खोटा ठरला नाही. आत्यांच्या रक्तात आजार चांगलाच मुरलेला निघाला. जावेच्याही रक्तात निघाला, पण नुकताच लागलेला असावा, असं डॉक्टर म्हणाली. पोटात मूल असताना चालतील अशी औषधं तिनं पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना विचारून लगेच सुरू केली. गाईचा सरकारी रिपोर्ट त्यानंतर कितीतरी दिवसांनी आला. त्यात आम्हाला नवीन काही नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. ते त्या सोमवारपेक्षा अवघड होतं. जाऊ आमच्याकडे चिखलीला राहायला आली. औषधांनी तिला मळमळायचं, जेवण टिकायचं नाही. प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी काहीतरी भलत्याच विषयावर बोलत बसायचो. आत्या गावी त्यांची औषधं घेत होत्या आणि रोज फोन करायच्या. जावेशी बोलायच्या नाहीत, मला विचारायच्या, "खाल्लं का तिनं?" मी फोन तिच्याकडे द्यायला गेले की म्हणायच्या, "न्हाई, राहू दे, झोपली आसंल."

एक दिवस न सांगता त्या चिखलीला आल्या. बसनं, पिशवीत भोपळा आणि शेंगा घेऊन. ताप उतरला होता, चेहरा निवळला होता. जाऊ सोफ्यावर आडवी होती ती उठायला लागली. आत्यांनी हातानं थांबवलं आणि तिच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"मागल्या खेपेला म्या तुला लई बोलले," त्या म्हणाल्या. "तुझ्यात खोट न्हवती."

जाऊ म्हणाली, "जाऊ द्या आत्या."

"जाऊ कसं दिऊ? तू एक शब्द उलटून बोलली न्हाईस. बोलायला पायजे व्हतीस."

मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकायचा म्हणून. पाणी उकळून आटलं तरी बाहेर आले नाही.

मूल तारखेच्या थोडं आधी झालं. मुलगी, वजनानं कमी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तिच्या रक्ताची तपासणी झाली त्या दिवशी आत्या दवाखान्याच्या पायरीवरून उठल्या नाहीत. काही निघालं नाही. आता ती रांगते आणि हाती लागेल ते तोंडात घालते.

गाय अजून आमच्याकडेच आहे. विकायची नाही, दुसऱ्या गाईंत मिसळायची नाही. आत्यांनी तिला रानात वेगळं छप्पर करून दिलं आहे आणि मी आणलेले हातमोजे घालूनच तिच्याजवळ जातात. मोज्यांना शिव्या देतात, पण घालतात. बाकीच्या दोन गाई तपासून घेतल्या, त्या चांगल्या निघाल्या. आमचं किट अजून बाजारात आलेलं नाही. मण्यांची प्रत्येक नवीन बाटली आली की मी आधी नुसत्या पाण्याची नळी लावते आणि दिवे घालवून बराच वेळ तिच्याकडे बघत राहते.

गेल्या महिन्यात जाऊ ताथवड्याला माझी लॅब बघायला आली होती. मी तिला मणी दाखवले, चुंबक लावून दाखवला. तिनं यूव्ही दिव्याखालची पिवळी नळी पाहिली आणि हळूच विचारलं, "ताई, आपलं पहिलं, तेही यानंच गेलं असेल का?"

"तेव्हा कुणी तपासलं नाही," मी म्हणाले. "आता ते कुणालाच सांगता येणार नाही."

"माहितीय," ती म्हणाली. "तरी विचारलं."